ते दार कधीच उघडत नाही

माझा भाऊ झोपतो. झोपतात सगळेच, पण हा सिनेमा लागला की झोपतो. दिवे गेले, पडद्यावर नावं सुरू झाली की याची मान छातीवर. लहानपणापासून हे असंच. आणि या माणसाला लोक अमेरिकन चित्रपट आणि दूरचित्रवाणीचा मोठा अभ्यासक म्हणतात! म्हणोत बापडे. मीही हसून सोडून दिलं असतं, पण त्याच्या झोपेचे भोग मी भोगलेत. त्यामुळे मला हसू येत नाही, संताप येतो. इतकी वर्षं झाली, तरी तो शिळा होत नाही.

आम्ही दोघं एकाच विद्यापीठात शिकत होतो. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी पुढे. तेव्हा मुख्य पदवीच्या जोडीला एक जादा पदविका करता यायची, अमेरिकन चित्रपट आणि दूरचित्रवाणीची. दादाने ती घेतली कारण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की नुसतं सिनेमे बघायचे असतात. मी घेतली कारण मला त्याचं वेड होतं. माणूस दारातून आत येतो तेव्हा कॅमेरा आत असतो की बाहेर, एवढ्यावर मी अख्खा दिवस विचार करत बसायचे. आई म्हणायची, या पोरीचे हात एकीकडे आणि चित्त भलतीकडे. तिचं काही चुकत नव्हतं.

विभागात कॅसेटींचं एक कपाट होतं. एक अमेरिकन पाहुणे प्राध्यापक वर्षभर शिकवायला आले होते, ते जाताना सोडून गेलेले. त्यांनी आपल्या घरच्या टीव्हीवरून स्वतःच सगळं भरून घेतलेलं. आम्ही त्यातली एक कॅसेट घरी न्यायची, बघायची आणि त्यावर निबंध लिहायचा. आता आमच्या घरी व्हिडिओ कुठला? तो होता रेडिओमामांकडे. रेडिओमामा म्हणजे चौकातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाचे मालक. जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावर चार केस, हातात सदा डाख देण्याची गरम सळई. दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्त केलेली यंत्रं लावून बघायची सोय होती. तिथे मी स्टुलावर बसून सिनेमे बघायचे. खिडकीतून ऊन येऊन टीव्हीवरचं चित्र दिसायचं नाही, म्हणून जाड पडदा ओढून घ्यायचा. मामा पुढे दुकानात, मी मागे एकटी. आत कोण येणार? मोडके टेपरेकॉर्डर?

पहिली माझी कॅसेट बघायची, मग दादाची.

"चिमे, बघून सांग ना. तू काय झकास सांगतेस! मी बघितला तर मला एवढा कळत पण नाही," असं म्हणून तो मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा. आणि मी चढायचे. घरापासून बसथांब्यापर्यंत चालता चालता मी त्याला सिनेमा सांगायचे, हातवारे करून, आवाज काढून. तो ऐकायचा. ऐकायला मात्र हुशार होता. वर्गात जाऊन असं बोलायचा की सगळ्यांना वाटावं, याने सिनेमा चावून चावून खाल्लाय.

त्या कॅसेटींत एक होता फिरतीवाल्याचा सिनेमा. इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला 'फिरतीवाला' म्हणायचो. टीव्हीसाठीच काढलेला, म्हणे एकदाच दाखवला गेलेला. गावोगाव फिरून झाडू मारायची यंत्रं विकणारा एक माणूस. बायकोला न सांगता घर सोडून गेलेला. आता त्याला परत जायचंय आणि जायचा धीर होत नाही. गाडी वळवतो, पुन्हा फिरवतो. शेवटी कसाबसा आपल्या दारात येतो, टोपी काढतो, बेलवर बोट ठेवतो. आणि एकदम तळं. तळ्यात होडी. दाढीवाला माणूस वल्ही मारतोय आणि समोर बसलेली एक बाई खदाखदा हसतेय. संपला सिनेमा!

मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा बघितलं. तेच. दाढीतला माणूस तोच वाटला. वाटला म्हणजे काय, पडद्यावर मुंग्याच इतक्या होत्या की माझा सख्खा काकाही तोच वाटला असता.

दुसऱ्या दिवशी मी दादाला म्हटलं, "शेवट तुटका आहे रे. बेल दाबतो आणि एकदम होडीतच. दार काही उघडत नाही."

"दार उघडतच नाही?" दादा थांबला. "परत सांग."

मी परत सांगितलं. त्यावर त्याने निबंध लिहिला, 'ते दार कधीच उघडत नाही'. अमेरिकन माणसाला घर नसतं, त्याला फक्त पुढचं तळं असतं, असलं काहीतरी. आमचे विभागप्रमुख, त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, त्यांनी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. अमेरिकेत शिकायला पाठवायची एक शिष्यवृत्ती होती, तिच्या मुलाखतीला दादाचं नाव गेलं. मला आनंद झाला. खरंच झाला. मी वेडी होते.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बाबांना रस्त्यात गाठलं. "तुमची मुलगी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत अंधारात बसलेली असते हो. पडदा लावून. सांगावं की नाही कळत नव्हतं." कळत नव्हतं तर गप्प बसायचं ना भवाने!

संध्याकाळी बाबांनी मला समोर उभं केलं. ते खुर्चीत, आई स्वयंपाकघराच्या दारात, दादा खिडकीपाशी.

"काय करतेस तिथे?"

"सिनेमे बघते. अभ्यासाचे. माझे आणि दादाचे. दादानेच पाठवलंय मला, विचारा त्याला."

बाबांनी दादाकडे बघितलं. मीही बघितलं. मला वाटलं, आता हा हसेल आणि म्हणेल, हो बाबा, मीच पाठवतो, मला झोप येते. एवढंच तर म्हणायचं होतं!

दादा म्हणाला, "मी? मी माझे सिनेमे स्वतःच बघतो, बाबा."

मुलाखत तोंडावर आली होती ना त्याची. बहिणीने बघितलेल्या सिनेमावर निबंध लिहिला हे फुटलं असतं तर शिष्यवृत्ती गेली असती. हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मला काहीच कळलं नाही. मी ओरडले, रडले, त्याच्या अंगावर धावून गेले. बाबा म्हणाले, "चोर तो चोर, वर शिरजोर." खोलीत अंधारून आलं होतं. आईने पुढे येऊन दिवा लावला आणि म्हणाली, "यापुढे या घरात कुणी अंधारात बसायचं नाही."

माझं विद्यापीठ सुटलं. बाबांनी रेडिओमामांना दुकानात जाऊन नाही नाही ते ऐकवलं. बिचाऱ्यांनी पुढे गाशाच गुंडाळला. दादा अमेरिकेला गेला. मी घरी बसून पदवी पुरी केली आणि शाळेत शिकवायला लागले. स्थळं यायची, चौकशी करायची आणि परत फिरायची. काकू जिवंत होत्या ना चौकशीला उत्तरं द्यायला. बाबा शेवटच्या दुखण्यात दादाचा हात धरून म्हणाले, "चिमीवर लक्ष ठेव रे." मी तिथेच उशी सारखी करत होते. दादाने मान हलवली. हो म्हणाला, मेला!

तेव्हापासून आई माझ्याकडे. कौतुक मुलाचं, उस्तवार मुलीकडे. दादा आता त्याच विद्यापीठात त्याच विभागाचा प्रमुख. त्या एका निबंधाचं त्याने पुस्तक केलं, पुस्तकाची भाषणं केली. ती कॅसेट बुरशी लागून केव्हाच फेकली गेली होती, आणि माझ्याखेरीज कुणी ती बघितलीही नव्हती. विद्यार्थी मागून त्याला 'तुटके सर' म्हणतात, आणि ते त्याला आवडतं. आई त्याचा पेपरातला फोटो मांडीवर घेऊन बसते. मी कधी दमून संध्याकाळी दिवा न लावता टेकले, की आई येते आणि काही न बोलता बटण दाबते. लख्ख! आणि माझ्याकडे एक नजर टाकते. त्या नजरेत अजून ते दुकान असतं. भांडावं तर ती बोललेली काहीच नसते. तिच्या डोक्यातून ते दुकान जावं, एवढं एकच मला हवं होतं, आणि तेच मिळत नव्हतं.

अशी वर्षं गेली. मग शाळेत चित्रपटांचा विषय सुरू व्हायचं ठरलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ज्यांच्याकडे विद्यापीठाची जादा पदविका असेल, त्यांनाच त्या विषयाचं प्रमुख करू. दुसरी विद्यापीठंही होती. घरबसल्या करता येणारे अभ्यासक्रम होते. मी मुद्दाम दादाचाच वर्ग धरला. म्हटलं, माझ्या बोलण्यावर इमला बांधलास ना? आता माझ्यासमोर उभा राहून शिकव.

पहिल्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसले. आजूबाजूला माझे विद्यार्थी शोभतील अशी पोरं. दादा आत आला, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि मला बघून चष्मा पुसायला लागला.

तास संपल्यावर मला दाराशी गाठून म्हणाला, "हे काय खूळ काढलंस? या वयात?"

"का? जागा रिकामी होती. आणि माझे पेपर दुसऱ्या बाई तपासणार आहेत, विचारून आलेय. तुला काही त्रास नाही."

"वर्गात मला सर म्हणावं लागेल."

"म्हणेन की. सर."

दर शनिवारी मी जायचे. काही त्रास द्यायचे नाही. नुसती बघायचे. तो चुकला, अडखळला, की मी मान कलती करायचे. त्याला घाम फुटायचा. एवढ्याने माझं पोट भरत नव्हतं, पण चव येत होती.

एक मात्र मान्य करते, तो शिकवायचा बरं. एक तास त्याने अमेरिकन टीव्हीवरच्या जाहिरातींवर घेतला. तिथे गोष्ट लिहितानाच जाहिराती कुठे येणार ते ठरलेलं असतं, म्हणाला. जाहिरात लागली की माणूस उठून जाऊ नये, म्हणून तिच्या आधी गोष्ट अशा जागी आणून सोडायची की जीव टांगणीला लागावा. फोन वाजतो, पण उचलत नाहीत. गाडी घसरते, पण आदळत नाही. पोरं लिहून घेत होती. मीही लिहून घेतलं. माझ्याही टाळक्यात तेव्हा काही शिरलं नाही.

मग बातमी आली. परदेशातल्या एका संग्रहालयाला फिरतीवाल्याची मूळ प्रत सापडली होती, टीव्ही केंद्राकडची, पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत. दादाच्या सत्काराच्या कार्यक्रमात ती दाखवायचं ठरलं. आधी दादाचं भाषण, मग सिनेमा, मग चर्चा. आमच्या प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून प्रत्येकाला एकेका चित्रपटाचे संवाद आपल्या भाषेत करून पडद्याखाली लावायचे होते. चिठ्ठ्या काढल्या आणि फिरतीवाला माझ्या वाट्याला आला. याला म्हणतात योग!

विभागाच्या संकलनाच्या खोलीत मी कानांवर हेडफोन चढवून बसले. चित्र इतकं स्वच्छ की त्या माणसाच्या कोटाचं उसवलेलं अस्तर दिसत होतं. मी संवाद लिहीत लिहीत शेवटापर्यंत आले. तो दारात आला. टोपी काढली. बेलवर बोट ठेवलं. पडदा काळा झाला.

क्षणभर तसाच काळा राहिला. ती जाहिरातीची जागा होती.

आणि मग दार उघडलं.

एक बाई उभी होती. हाताला पीठ लागलेलं. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "उशीर केलास. पाय पुसून आत ये." तो पाय पुसतो, आत जातो, दार लागतं. संपला सिनेमा. होडी नाही, तळं नाही, दाढी नाही.

मी हेडफोन काढले आणि हसत सुटले. शेजारच्या टेबलावरची मुलगी घाबरून बघायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर तो अमेरिकन प्राध्यापक उभा राहिला. आपल्या घरी सोफ्यावर बसून सिनेमा भरून घेतोय. जाहिराती नकोत, म्हणून त्या लागल्या की भरणं थांबवतो आणि संपल्या की परत सुरू करतो. शेवटच्या जाहिरातीला थांबवलं, कशाला तरी उठून गेला आणि परत सुरू करायला विसरला. कॅसेट होती वापरलेली. तिच्यावर आधीचा कुठलातरी होडीचा सिनेमा होता, त्याचं शेपूट तसंच खाली उरलं. एवढंच. त्या विसराळू माणसाच्या एका बटणावर माझ्या भावाने अमेरिकेचं अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं होतं. आणि ते टिकावं म्हणून मला गाडलं होतं!

हसू ओसरलं आणि संताप चढला. म्हटलं, आता सुट्टी नाही.

तरी मी त्याच्याकडे गेले. कुणी पुढे म्हणायला नको, सांगितलं नाही म्हणून. त्याच्या खोलीचं दार ढकललं. तो भाषण लिहीत होता.

"सर, संवाद लावून झालेत. दाखवण्याआधी एकदा बघून घ्या. निदान शेवट तरी."

"तो शेवट?" तो हसला. "चिमे, तो शेवट जगात माझ्याइतका कुणाला माहीत आहे?"

"प्रत नवी आहे. बघितलेलं बरं."

"मला शिकवतेस? ठेव तिथे."

मी ठेवलं. बाहेर आले. मी मनापासून सांगितलं का? छे! दारातून बाहेर पडेपर्यंत मी मनात घोकत होते, बघू नकोस, बघू नकोस. आणि बघणार नाही याची खात्रीही होती. बघायला बसला असता तरी झोपला असता.

कार्यक्रमाला आईला मी घेऊन गेले. ठेवणीतले कपडे, चापून बांधलेले केस. वाटेत म्हणाली, "तुझ्या बाबांनी हे बघायला हवं होतं."

"हो ना," मी म्हटलं. "हवंच होतं."

सभागृह भरलेलं. आम्हाला पुढची रांग. मोठे सर काठी टेकत आले होते, नव्वदीला आलेले, पण नजर तीच. दादाला फुलं दिली, टाळ्या झाल्या, आईने डोळे टिपले. मग दादा बोलायला उभा राहिला. काय बोलला! बोट असं हवेत धरलं, बेलवर ठेवल्यासारखं. "तो बेल दाबतो. आपण श्वास रोखतो. आणि दिग्दर्शक आपल्याला काय देतो? तळं! मित्रहो, हा तुटका शेवट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा विद्यार्थी होतो. अंगावर काटा आला. त्या रात्री मला झोप लागली नाही."

झोप लागली नाही म्हणे! मी ओठ चावला.

"लक्षात ठेवा," तो शेवटी म्हणाला, "ते दार कधीच उघडत नाही."

टाळ्या. दिवे गेले. मी सिनेमाकडे बघितलंच नाही. मी दादाकडे बघत होते. नावं संपायच्या आत त्याची मान छातीवर. सत्कारमूर्ती स्वतःच्या सत्काराच्या सिनेमात घोरत होती. आई मात्र टक लावून बघत होती. खालची अक्षरं वाचताना तिचे ओठ हलत होते. ती अक्षरं माझी होती, ते तिला ठाऊक नव्हतं.

फिरतीवाला दारात आला. टोपी काढली. बेलवर बोट. पडदा काळा. पोरं पुढे सरकून बसली, आता तळं येणार म्हणून.

दार उघडलं.

'उशीर केलास. पाय पुसून आत ये.'

आधी एकच कुणीतरी फिसकन हसलं. मग मागची रांग. मग सगळं सभागृह असं हसलं की छत उडावं. त्या आवाजाने दादा दचकून उठला आणि सवयीने टाळ्या वाजवायला लागला. एकटाच! त्यावर तर लोक आडवे व्हायचे राहिले.

दिवे आले. दादा मंचावर गेला, अजून त्याला काही कळलं नव्हतं. पहिल्या प्रश्नाला ती संकलनाच्या खोलीतली मुलगी उठली. "सर, दार उघडलं की. तळं कुठेय?"

"कुठलं दार?"

"शेवटचं, सर. बायकोने उघडलं. पाय पुसून आत ये म्हणाली."

दादाने पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याचा चेहरा असा पांढराफटक पडला की माझ्या जिवाला थंडावा मिळाला. सांगते ना, मिळाला!

"ही प्रत... ही प्रत वेगळी असावी," तो म्हणाला.

मोठे सर काठीवर भार देऊन उभे राहिले. "ही मूळ प्रत आहे. दुसरी नाही. तुझा तो निबंध मी वर्गात वाचला होता. तुला अमेरिकेला मी पाठवलं. आज या सगळ्यांसमोर एकच सांग. तो शेवट तू मनानेच रचलास का?"

रचलेल्या शेवटावर निबंध, निबंधावर पुस्तक, पुस्तकावर ही खुर्ची. सगळं त्या एका 'हो' किंवा 'नाही'वर येऊन ठेपलं. माझी कल्पना इथपर्यंतच धावली होती. त्याचं हसं व्हावं आणि ते आईने बघावं, बस्स. पुढचं त्यानेच केलं.

"नाही सर! मी काही रचलं नाही!" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. तेच बोट, मघाचं बेलवरचं. "मी हा सिनेमा पाहिलाच नव्हता. हिने पाहिला होता! ही सगळे सिनेमे बघायची आणि मला सांगायची. हिने जे सांगितलं ते मी लिहिलं. विचारा हिला! चूक हिची आहे!"

बुडत्याला काडीचा आधार. त्याने धरली ती काडी माझी होती.

मी तोंड उघडायच्या आत शेजारी हालचाल झाली. आई उठली होती. माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली.

"कुठे बघायची ही?" तिने विचारलं. आवाज मोठा नव्हता.

दादा थबकला. "आई, तू बस. हे इथलं वेगळं आहे."

"कुठे बघायची?"

"ते... रेडिओमामांच्या दुकानात. मागच्या खोलीत."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मोठे सर त्याच्याकडे बघत होते, पोरं बघत होती. माघार घ्यावी तर आत्ताच म्हणालेलं खोटं ठरतं, शेवट रचला असं होतं. पुढे जावं तर आई. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला जागा बघत होते.

"माझ्या," तो म्हणाला.

"मग बाबांसमोर काय म्हणाला होतास?"

त्याने मोठ्या सरांकडे बघितलं.

"मी सांगते," आई म्हणाली. "'मी माझे सिनेमे स्वतःच बघतो, बाबा.' खिडकीपाशी उभा होतास. मी स्वयंपाकघराच्या दारात होते." आणि माझ्याकडे न बघता मला म्हणाली, "चल, घरी जाऊ."

पुढे चर्चा झाली की नाही, कुणी काय म्हणालं, मला माहीत नाही. विचारलंही नाही. जाताना मोठ्या सरांनी मला हात केला. मी थांबले नाही.

घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. मी चपला काढून पुढच्या खोलीत खुर्चीत टेकले. मला वाटलं होतं, या दिवशी मला उड्या माराव्याशा वाटतील. तसं काही वाटेना. बाबा गेले ते गेलेच. 'चिमीवर लक्ष ठेव' म्हणून गेले. त्यांना आता कोण सांगणार? आणि तेवढ्यात, इतकी वर्षं एकट्या दादाला शिव्या घालण्यात जे मला दिसलंच नव्हतं, ते दिसलं. त्या संध्याकाळी खोटं एकजण बोलला होता. ऐकणारे दोघं होते. मी गळा फाडून खरं सांगत होते, तेही त्या दोघांनीच ऐकलं होतं.

खोलीत अंधारून आलं. आई आतून आली. सवयीने तिचा हात बटणाकडे गेला, तिथवर पोहोचला आणि थांबला. तिने तो खाली घेतला. हळूच येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, अंधारातच. आपण काहीतरी मोठं देतोय असं तिला वाटत असावं.

"बस हो तू," ती म्हणाली. "हवं तितका वेळ बस."

मी बसले थोडा वेळ. तिचा श्वास ऐकू येत होता. मग मी म्हटलं, "आई, दिवा लाव."

"असू दे गं आता."

"नाही, लाव. मला तुझं तोंड बघायचंय."

तिने हाताने चेहरा पुसला. मग खुर्चीच्या हाताला धरून उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने दिवा लावला.